डावा, उजवा

गाडी आली तेव्हा पुढच्या काचेवर उरण रस्त्याची धूळ,
कंटेनरवाल्यांनी उडवलेली.
दामोदर कडूंनी हेल्मेट काढलं, वय सदुसष्ट,
आणि जुईनगरच्या माझ्या गाळ्यात डोकावून विचारलं,
"स्पीकर बदलून देशील? मोठे?"
विचारलं म्हणजे ओरडलेच.

साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे पैसे आले
तेव्हा भावांनी फ्लॅट घेतले, पुतण्यांनी डंपर,
यांनी ही घेतली.
पावणेचारशे किलो, दोन्ही अंगांना पेट्या, बसायला सोफा.
घरी तिला म्हैस म्हणतात.
म्हैस स्पितीला न्यायची आहे.

फेअरिंग उघडायलाच दोन तास गेले.
सतरा स्क्रू, त्यांतले चार लांब,
निघाले त्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेत, एकेका खड्ड्यात.
(तौफिकने एकदा हा ट्रे लाथाडला होता.
ती रात्र मी विसरलेलो नाही.)
आत कंपनीचे स्पीकर, कागद वाळून पापड झालेला.
डाव्याच्या पाठीला कुंभारमाशीचं घर.
ते अख्खं काढून मी बाकावर ठेवलं.

नवे चार बसवले, दोन पुढे, दोन खाली गुडघ्यांपाशी.
चालू केलं तर आवाजाखाली एक कुईं.
थ्रॉटल पिळला की चढते, सोडला की उतरते.
"अर्थ लागत नाही," तौफिक म्हणाला.
आमच्या धंद्यात हे वाक्य रोजचं, कुणी हसत नाही.
चासीवर नखाएवढी जागा पॉलिश पेपरने घासली,
रंग गेला, खालचं लोखंड उजळलं,
काळी वायर तिथे आवळली.
कुईं गेली.

मग पेनड्राइव्ह.
टेस्टला माझ्याकडे एकच फाइल आहे, दहा वर्षांपूर्वीची:
बालवाडीतली मृण्मयी, मोबाइलला ओठ टेकवून,
"डावा." थांबते. "उजवा." थांबते. शिंकते.
मी समोर बसून हात वर करत होतो,
माझा उजवा तिच्या डाव्या बाजूला,
म्हणून सगळंच उलटं.
तिचा "डावा" उजव्यातून वाजतो.
आम्हाला सवय आहे.

"डावा," पोरगी म्हणाली,
आणि कडू स्टुलावरून उठले.
"आयकू आला! डावा आयकू आला रं मना!"

मला तेव्हा कळलं.
जमिनीच्या बदल्यात मिळालेली नोकरी,
ठाणे-बेलापूर रस्त्यावर सव्वीस वर्षं,
फोर्जिंगचा हातोडा डाव्या अंगाला.
ब्याण्णवपासून त्या कानाने
चष्म्याची काडी तेवढी धरलीय.

मी तौफिककडे बघितलं.
तौफिकने कुंभारमाशीच्या घराकडे.

त्यांनी स्वतःच तळहात ठेवला, आधी डाव्या कानावर.
पोरगी बोलतच राहिली.
मग उजव्यावर.
बराच वेळ तसेच उभे,
पलीकडून कुणी फोन उचलायची वाट बघावी तसे.

"पोर तुझी?"
"हो."
"उलटं सांगते."
"हो, काका. सगळा आवाज उजवीकडे घेऊ का?"
"नको. तो खालचा बसवलास ना,
डाव्या गुडघ्याला धडधडतंय. असू दे तसाच."
आणि पँटवरून हात फिरवला त्या गुडघ्यावर,
जनावर कुरवाळावं तसा.

पैसे दोनदा मोजून दिले.
पामबीचवर किल्ल्यापर्यंत एक फेरी मारून येतो म्हणाले.

परत आले ते सिग्नलच्याही आधी ऐकू आले.
गाणं नव्हतं.
पेनड्राइव्ह काढायचा राहिला होता:
"डावा," अख्ख्या सर्व्हिस रोडला,
"उजवा," पानवाला, रिक्षावाले, बँकेचा वॉचमन,
आणि मग ती शिंक, चारही स्पीकरमधून.

क्लासवरून येणारी मृण्मयी, यंदा दहावीला,
पाठीला सॅक,
फुटपाथवर जागच्या जागी थांबली
आणि तिने वहीने तोंड झाकून घेतलं.